मेजापासून तीन महिने

माझ्या आईला चर्चच्या मंडळीने तीन महिने प्रभूच्या मेजापासून, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरी-प्याल्यापासून, दूर ठेवलं होतं. ख्रिस्ती घरात ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. आमच्या नात्यात कुणाच्या पणजोबांनी शाळा काढली, कुणाची आजी नर्स होऊन पार कराचीपर्यंत गेली, कुणाचा मामा पाळक झाला, असं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि लग्नकार्यात चार डोकी जमली की जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. मी आपली आईचे तीन महिने सांगते. ऐकणारे चुळबुळ करतात. धाकट्या सुनेने एकदा मला बाजूला घेऊन सुचवलं की, मम्मी, ही गोष्ट बाहेरच्यांपुढे नको ना. मी तिला म्हटलं, अगं, बाहेरच्यांपुढे घडली म्हणून तर ती गोष्ट झाली. घरातल्या घरात राहिली असती तर आज सांगायला माझ्याकडे काय होतं? आता माझंही वय झालं आहे, आणि सुनेला जे ऐकायचं नाही ते नातवंडांनी तरी वाचावं म्हणून नीट लिहून ठेवते.

पपा रेल्वेच्या संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन होते आणि आम्ही लखनौत मानकनगरच्या कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. अंगणात पेरूचं झाड होतं, पण त्याचा पिकलेला पेरू आम्ही कधी पाहिला नाही, कारण आजूबाजूची मुलं तो कच्चा असतानाच फस्त करत. दिवसभर कुठून ना कुठून इंजिनाची शिट्टी ऐकू यायची. पाहुणे आले की दचकायचे, आम्हाला मात्र शिट्टी थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. आई नगरकडची. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. लखनौला येऊन तिला पंधरा वर्षं झाली होती, तरी वर्षाचा काळा मसाला गावाहूनच यायचा, आणि बाजरी इथे थंडीतच मिळते यावर ती दर उन्हाळ्यात नव्याने चिडायची. भाजीवाल्याशी ती जे हिंदी बोलायची ते ऐकायला शेजारच्या बायका मुद्दाम दारात उभ्या राहायच्या. 'भैया, ये भेंडी जून है, कोवळी दो,' म्हणायची, आणि तो बिचारा मान डोलवून कोवळी भेंडी निवडून द्यायचा. माझा धाकटा भाऊ विजू मराठी सगळं समजायचा आणि उत्तर हिंदीतून द्यायचा. आईने त्याच्यापुढे हात टेकले होते.

शहरात आमची मराठी ख्रिस्ती घरं अठरा-वीस असतील. कुणी रेल्वेत, कुणी टपालखात्यात, कुणी इस्पितळात, दोघे-तिघे चिनहटच्या कारखान्यांत. आमचं स्वतःचं चर्च नव्हतं. छावणीतल्या एका हिंदी मंडळीचं होतं, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता आम्हाला मिळायचं. एक निवृत्त मराठी पाळक मुलाकडे राहायला आले होते, ते उपासना चालवायचे. पपा पंचांमध्ये मुख्य होते. आणि प्रभुभोजनासाठी लागणारा द्राक्षारस आमच्या घरून जायचा. द्राक्षारस म्हणजे वाइन नव्हे बरं. आमच्या मंडळीत दारूच्या थेंबाचंही वावडं. आई मनुका रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर शिजवायची, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि बाटली उकळत्या पाण्याने दोनदा धुऊन त्यात भरायची. घरभर गोड, जड वास पसरायचा, आणि आम्हाला बोटभरही चाखायला मिळायचा नाही. 'साळवेवहिनींच्या हातचा रस' हे मंडळीत ठरून गेलेलं होतं. पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत त्याचं कौतुक केलं, तर आई मान खाली घालून बसली. पण घरी आल्यावर तिने त्या दिवशी शिरा केला. कशाबद्दल, ते ती बोलली नाही.

रस जितका महत्त्वाचा, तितकीच आदल्या दिवसाची माफी. प्रभुभोजनाच्या आधी मनात कुणाविषयी अढी ठेवायची नाही, अबोला असेल तर मोडून मगच मेजाकडे जायचं, हे शास्त्रातलं आईला बोर्डिंगात शिकवलेलं. आमच्या घरात त्याचा नेम झाला होता. शनिवारी संध्याकाळची प्रार्थना झाली की सतरंजीवर बसून प्रत्येकाने प्रत्येकाची क्षमा मागायची. सुरुवात पपांपासून. एवढे करारी गृहस्थ, ऑफिसात त्यांच्या आखलेल्या रेघेला कुणी बोट लावत नसे, ते विजूकडे वळून म्हणायचे, 'परवा तुला नीट न विचारता मारलं, माझं चुकलं.' विजू रुबाबात म्हणायचा, 'कोई बात नहीं, पपा.' मला हे सगळं तेव्हा परवचा म्हटल्यासारखं वाटायचं. आईला उलट उत्तर दिलं, क्षमा कर; विजूची पेन्सिल घेतली, क्षमा कर; आमेन, आणि जेवायला चला.

त्या वर्षी मे महिन्यात मंडळीतल्या एका मुलीचं लग्न होतं, आणि शुक्रवार-शनिवार आई तिकडेच राहणार होती. म्हणून तिने रस बुधवारीच केला. आमच्याकडे फ्रिज नव्हता. शेजारच्या श्रीवास्तव आंटींकडे होता, आणि त्यांनी आईला कधीच सांगून ठेवलं होतं, 'अपना ही समझिए, बहनजी.' आईने गार झालेली बाटली माझ्या हातात दिली आणि आंटींच्या फ्रिजमध्ये ठेवून ये म्हणाली. मी तेव्हा चौदा वर्षांची. आंटींची नीलू माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा अबोला चाललेला. कारण आज आठवत नाही. बहुतेक कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हटलं होतं. तिच्या दारात जाऊन 'फ्रिज उघड' म्हणायचं म्हणजे हार पत्करायची, आणि हार पत्करणं आमच्या रक्तात नाही. मी बाटली स्वयंपाकघरात माठाच्या मागे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. माठाशेजारी गारच की, असं मी स्वतःला समजावलं. पुढे आयुष्यभर मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम केलं, आज जानकीपुरमला त्याच प्रयोगशाळेच्या शेजारी राहते, आणि मे महिन्यातल्या लखनौत गोड पाण्याचं चार दिवसांत काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा शिकवायला हवं होतं.

शनिवारी आई दमून आली, तरी माफीचा नेम चुकला नाही. मी माझी यादी म्हटली. बाटली त्या यादीत नव्हती. रविवारी दुपारी आई म्हणाली, जा, आंटींकडून रस घेऊन ये. मी पुढच्या दाराने बाहेर गेले, लूचा गरम वारा असा वाहत होता की डोळे उघडवेनात, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले आणि माठामागची बाटली काढून, फडकं पुन्हा ओलं करून तिच्या हातात दिली. तिने ती तशीच पिशवीत ठेवली.

आता लोंढेकाकांविषयी सांगायला हवं. दाविद लोंढे चिनहटला एका कारखान्यात फिटर होते. हाडापेराने मोठे, बोलायला कमी. एके काळी इतके प्यायचे की त्यांच्या बायकोने दोनदा माहेर गाठलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी ते एका रविवारी चर्चमध्ये येऊन गुडघ्यांवर बसले, आणि तेव्हापासून त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. पपांनी त्यांना मेज मांडायचं काम दिलं. पांढरं कापड अंथरायचं, भाकरीचं ताट ठेवायचं, रस प्याल्यात ओतायचा. पंचांपैकी दोघे कुरकुरले होते, तेव्हा पपांनी, ज्याला क्षमा झाली त्याला आपण दारात उभं ठेवायचं काय, असं त्यांना सुनावलं होतं. लोंढेकाका ते काम इतक्या हळुवारपणे करत की मी प्रवचनापेक्षा त्यांच्या हातांकडे बघत बसायची.

त्या रविवारी आईने बाटली नेहमीसारखी त्यांच्याकडे दिली आणि ते मागच्या खोलीत गेले. उपासना झाली, प्याला पाळकसाहेबांनी पहिल्यांदा ओठाला लावला आणि ते थांबले. मग काही न बोलता त्यांनी तो पुढे दिला, कारण प्रभूचा प्याला मध्येच थांबवावा कसा, हे त्यांनाही सुचलं नसावं. पण प्याला जसजसा बाकांवरून पुढे सरकला तसतशी माणसं एकमेकांकडे बघू लागली. वास सगळ्यांना येत होता. ताडीच्या दुकानावरून जाताना येतो तसा. प्याला आईकडे आला. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिने घोट घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला आजही दिसतं. रस आंबला आहे हे तिला त्या घोटालाच कळलं. तिने डोळे मिटले आणि प्याला पुढे दिला.

उपासनेनंतर मागच्या खोलीत पंच बसले. आम्ही बाहेर अशोकाच्या झाडाखाली उभे होतो आणि बायकांच्या तोंडी एकच नाव होतं. कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. लोंढ्यांनी आपली बाटली बरोबर आणली, रसात मिसळली, नाहीतर अदलाबदल झाली, जिला जे सुचेल ते. आई तिथेच उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मीही बोलत नव्हते. थोड्या वेळाने लोंढेकाका बाहेर आले, कुणाकडे न बघता सायकल काढली आणि गेले. पपांनी त्यांना सांगितलं होतं की, तीन महिने तुम्ही मेजापासून दूर राहा. त्यांनी मी प्यायलो नाही एवढंच म्हटलं, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पपांनीही नाही. ज्याच्यासाठी भांडलो त्यानेच तोंडघशी पाडलं, असं वाटून पपा त्या दिवशी जेवले नाहीत.

आई का गप्प बसली, हे मी पुढे तिला कधी विचारलं नाही, कारण तिने ते स्वतःच सांगितलं, आणि सगळ्यांपुढे सांगितलं. पण तो महिना मी तिच्याबरोबर काढला आहे. ती घासलेली भांडी पुन्हा घासायची. भाजीवाल्याशी वाद घालेनाशी झाली, त्याने जून भेंडी दिली तरी घ्यायची. माझ्या मनात रोज यायचं की सांगावं, बाटली फ्रिजमध्ये नव्हतीच. रोज मी ते उद्यावर टाकायची. लोंढेकाका कुठे आहेत, कसे आहेत, हे आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं.

पुढच्या महिन्याचा शनिवार आला. सतरंजी अंथरली, पपांनी सुरुवात केली, विजूने त्यांना क्षमा केली, आणि आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की, मी उद्या मेजाला येणार नाही आणि रसही केलेला नाही. पपांना वाटलं तिला बरं नाही. तिने मग सगळं सांगितलं. रस माझा आंबला होता, बहुधा बाटली नीट धुतली गेली नाही, पहिल्या घोटाला मला कळलं आणि मी गप्प बसले. पपांनी चारचौघांसारखा विचार केला, म्हणजे मार्ग काढला. म्हणाले, मी लोंढ्यांना भेटून सांगतो की गैरसमज झाला, पुढच्या महिन्यापासून या, मंडळीत गवगवा कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई म्हणाली, 'या मुठीत त्यांचं नाव चिरडलंय. तुमची मूठ तुम्ही झाका. मी माझी उघडणार आहे.'

आईला पपांशी असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. बाटली नीट धुतली होती, आई, तुझं काही चुकलं नव्हतं. पण मी पपांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सतरंजीचा सुटलेला धागा ओढत बसले.

रविवारी सकाळी उजाडताच आई मला घेऊन निघाली. चारबागपर्यंत रिक्षा, तिथून टेम्पो, मग दुसरा टेम्पो फैजाबाद रोडने चिनहटला. गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, धूर, आणि आईच्या मांडीवर डबा. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे होते. माफी मागायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं तिला कळत होतं, आणि ते नेल्याने माफी स्वस्त होत नाही हेही कळत होतं, कारण डबा तिने तिथे पोचल्यावर देण्याऐवजी परत निघताना दिला.

लोंढ्यांची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. काकूंनी दार उघडलं आणि आम्हाला आत या म्हणाल्या नाहीत. आता काय राहिलंय, वहिनी, एवढंच विचारलं. आतून काकांनी सांगितलं, येऊ दे त्यांना. आई खाटेवर बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं, जसं पपांना सांगितलं होतं तसंच, एक शब्द कमी न करता. लोंढेकाका जमिनीकडे बघत ऐकत राहिले. मला वाटलं ते ओरडतील, निदान काकू तरी ओरडतील. काका म्हणाले, 'बूच काढलं तवाच मला कळलं होतं, वहिनी. पण मी म्हणालो असतो की वास येतोय, तर लोक म्हणाले असते, याला बरा ओळखीचा वाटला. म्हणून ओतला गपचूप.' मग म्हणाले, 'आणि खोटं कशाला सांगू. त्यानंतर एकदा प्यायलो मी. दोन साल के बाद. तुम्ही सगळे म्हणतच होता, तर म्हटलं, चला, खरं करून दाखवू.'

काकू तोंड फिरवून भिंतीकडे वळल्या. आई तेव्हा खाली बसली. खाटेवर नाही, जमिनीवर. तिच्या गप्प बसण्याची किंमत किती, ते तिला त्या खोलीत कळलं. तिने क्षमा मागितली. काकांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पण ते म्हणाले, 'माफी हितं घरात मागून काय उपयोग, वहिनी? नाव तिकडं गेलंय. तिकडंच मागा.' आईने विचारलं, तुम्ही याल का आज. ते म्हणाले, नाही. आता मला तिथं तोंड नाही, तुमचं खरं बाहेर आलं तरी माझं पिणं उरलंच की.

परत येताना टेम्पोत मी आईला सांगायला सुरुवात केली, 'आई, ती बाटली...' तेवढ्यात कंडक्टर पोराने तिच्याजवळ भाडं मागितलं, कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं, आणि आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, आता बोलू नकोस, मला शब्द जुळवू दे. मी गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या उपासनेत दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेब विचारायचे की कुणाला साक्ष द्यायची आहे का. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. बायका द्यायच्या, पण बहुतेक साक्षी ठराविक असायच्या. टायफॉइड बरा झाला, मुलाला नोकरी लागली, बदली रद्द झाली. त्या दुपारी आई उभी राहिली तेव्हा पाळकसाहेब हसून म्हणाले, बोला, साळवेवहिनी, देवाने काय कृपा केली? चर्चमध्ये वीज नव्हती, पंखे बंद होते, सगळे हातातल्या गीताच्या वह्यांनी वारा घेत होते. आई बाकातून बाहेर येऊन मधल्या वाटेत उभी राहिली. पुढे गेली नाही, पुढे जायची आमच्याकडे बायकांची रीत नव्हती.

ती म्हणाली, 'गेल्या महिन्यात रस माझ्या घरात आंबला होता. घोट घेतला तेव्हाच मला कळलं. लोंढ्यांचं नाव निघालं तेव्हा मी तिथे उभी होते. माझ्या हातच्या रसाचं कौतुक होतं, ते जाऊ नये म्हणून मी एका माणसाचं नाव जाऊ दिलं. त्यांनी काही केलेलं नव्हतं.'

वह्यांचा वारा थांबला. आणि मला काय झालं कोण जाणे, महिनाभर जे दाताआड धरलं होतं ते आपोआप सुटलं. मी उभी राहिले आणि म्हणाले की बाटली मी फ्रिजमध्ये ठेवलीच नव्हती, रस माझ्यामुळे आंबला. माझा आवाज इतका मोठा आला की मीच घाबरले. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. आयती सुटका तिच्यापुढे येऊन उभी होती, पोरीचा दोष म्हणून सगळी मंडळी मान डोलवायला तयार होती. ती म्हणाली, 'खाली बस. माझ्या पापात वाटा मागू नकोस.'

मी खाली बसले. माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. सकाळी सात वाजता मला नीलूच्या दारात उभं केलं गेलं आणि आंटींच्या देखत, अबोल्यापासून माठापर्यंत, सगळं बोलायला लावलं. आंटींना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण त्यांनी मला जवळ घेतलं आणि आईला 'बच्ची है, बहनजी' म्हणत राहिल्या. आई ऐकून घेत नव्हती. नीलूशी त्या सकाळी जे जुळलं ते आजतागायत. पण हे दुसऱ्या दिवशीचं. तिच्या पापाच्या वेळी आईने मला तिथे उभं राहू दिलं नाही, आणि माझ्या पापाच्या वेळी पाठीशी घातलं नाही. ज्या बाईला हे दोन्ही जमतं तिच्या पोटी मी आले, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या डॉक्टरेटचाही नाही.

चर्चमध्ये आई अजून उभीच होती. तिने पंचांच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, लोंढ्यांना जे माप लावलं तेच मला लावा. पाळकसाहेब म्हणाले, वहिनी, तुम्ही कबूल केलंत, पुरे झालं. इतर दोन पंच त्यांना दुजोरा देत होते. पण आई पपांकडेच बघत होती, कारण लोंढ्यांचा निकाल पपांनी दिला होता. एका माणसाला शिक्षा करायची आणि आपल्या घरच्या बाईला क्षमा, असं झालं असतं तर त्या मंडळीत पुन्हा कुणी पपांचं ऐकलं नसतं. हे तिला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. पपा उभे राहिले. त्यांनी हातातली गीताची वही मिटून बाकावर ठेवली. ते म्हणाले, 'तीन महिने.' आणि बसले.

आई मान ताठ ठेवून मधल्या वाटेने मागे गेली. आमच्या बाकापाशी ती थांबली नाही. शेवटच्या बाकावर, जिथे उशिरा येणारे आणि रडकी मुलं घेतलेल्या बाया बसतात, तिथे जाऊन बसली. पुढच्या तीन महिन्यांत ती एकही रविवार चुकवणार नव्हती, आणि चौथ्या महिन्यात मंडळीतल्या बायकांनी रस दुसरीकडूनच आणत राहायचं ठरवलं तेव्हा मेज मांडणाऱ्या माणसाने हट्ट धरला की रस साळवेवहिनींचाच हवा, नाहीतर माझ्या जागी दुसरा बघा. पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. बायका माना वळवून मागे बघत होत्या, आणि मीही बघत होते, आणि मला लाज वाटत नव्हती, याचं मलाच नवल वाटत होतं.

त्या दिवशी मेज पंचांनीच मांडलं होतं आणि रस हिंदी मंडळीकडून आणला होता. भाकरीचं ताट फिरलं. पपांपुढे आलं तेव्हा त्यांनी हात जोडलेलेच ठेवले आणि ताट पुढे गेलं. त्यांनी ते कुणाला समजावून सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तेवढ्यात दारात सावली पडली. लोंढेकाका आले होते. मागे काकू होत्या, त्यांनीच बहुधा ढकलून आणलं असावं. काकांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता, आणि ते उंबऱ्यावर उभे राहून आत बघत होते. मेजाकडे, पांढऱ्या कापडाकडे, आणि मग शेवटच्या बाकावर एकट्या बसलेल्या आईकडे. आई तिथे का बसली आहे, ते त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. सगळी मंडळी ताट, प्याला सोडून त्यांच्याकडे बघत होती. पाळकसाहेबांनी हाताने खूण केली, पुढे या. काकांनी मान हलवली, आणि या वेळी ती नाही म्हणूनच हलवली होती, हे मलाही कळलं. मग ते त्या शेवटच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, 'वहिनी, जरा सरका.'

आई सरकली.